बारा वनस्पती आणि आत्याचे गुडघे

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘चाळणी’. तिघांनी पास केलेल्या पिठात तिने एकदा लाकडाचा भुसा शोधून काढला होता आणि वर तो कोणत्या लाकडाचा आहे तेही सांगितलं होतं, तेव्हापासूनचं हे नाव. तिला ते माहीत होतं. मला वाटतं, मनातून आवडतही असावं.

ती खाद्य विभागात, मी औषध विभागात. मध्ये एक भिंत. भिंतीला दार होतं, पण कोणे एके काळी कुणीतरी त्यापुढे लोखंडी कपाट ठेवलं होतं आणि ते हलवायचं काम कोणत्या विभागाचं यावर एकमत होत नव्हतं. त्यामुळे तिला माझ्याकडे यायचं तर एक जिना उतरून, अंगण ओलांडून, दुसरा जिना चढून यावं लागे. सत्तावीस वर्षं ती हा वळसा घालत होती.

तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली. वडील फिरतीच्या नोकरीवर. तिला वाढवलं आत्यानं. आत्या शिवणकाम करायची. पायाने चालवायचं मशीन, खिडकीजवळची जागा, आणि समोर भाची अभ्यासाला बसलेली. आत्याने लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, “माप घ्यायला वेळच मिळाला नाही.” गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे शिवून तिने भाचीला रसायनशास्त्राची पदवी मिळवून दिली आणि त्या मशीनने तिचे दोन्ही गुडघे घेतले.

पुढे भाचीला नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हा तिने आत्याच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा घेतली. आत्या तिसऱ्यावर. गेली आठ वर्षं आत्या खाली उतरली ती फक्त डॉक्टरांकडे जायला, तीही कठडा धरून, एकेका पायरीवर थांबून. भाजी, दूध, शिवायचे कपडे सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायचं.

आणि एका रविवारी सकाळी चाळणीच्या दाराची बेल वाजली. दारात आत्या. एकटी. हातात पिशवी.

“कुठे निघालीस?” चाळणीने घाबरून विचारलं.

“कुठे म्हणजे? बाजारात. तुला काही आणायचंय का?”

पिशवीतून आत्याने एक डबी काढून दाखवली. ‘हरिणपाऊल’. शंभर टक्के नैसर्गिक आहारपूरक. झाकणावर उडी मारणारं हरीण, आणि भोवती बारा वनस्पतींची बारा चित्रं, प्रत्येकीला गोल चौकट, एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारखी. इमारतीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी आणून दिली होती. पहिली कॅप्सूल घेतली त्याच दिवशी संध्याकाळी आत्या मोरीपर्यंत न कण्हता गेली होती. चौथ्या दिवशी जिना उतरली.

चाळणीने तेव्हा काय केलं? काहीही नाही. हे ती स्वतःच नंतर सांगायची. “लोकांच्या पिठातला भुसा मला दिसतो रे, आणि घरातला माणूस आठ वर्षांनी जिना उतरला तर मी रडत बसले. आनंदाने.”

चार-सहा महिन्यांत आत्या ‘हरिणपाऊल’ची त्या गल्लीतली प्रतिनिधी झाली. कंपनीने तिला हरणाचं चित्र असलेली पिशवी दिली. आत्याला जाहिरात करावी लागत नव्हती, ती फक्त जिना उतरायची. बघणारे डबी मागायचे. चौतीस गिऱ्हाइकं झाली. एकेकाळी ज्यांचे कपडे शिवले त्यांचेच गुडघे, कंबरा आणि खांदे आता तिच्याकडे होते. बंद पडलेलं मशीन तिने पुसून पुन्हा चालू केलं. कामाचा ताण असला की दोनाच्या तीन कॅप्सूल घ्यायची. “झाडपाला तो,” ती म्हणायची, “जास्त झाला म्हणून काय होणार?”

तिची तब्येतही सुधारली. म्हणजे सगळे तसं म्हणत होते. गाल भरले, चेहरा गोल झाला, रंग लालसर दिसू लागला. बायका म्हणायच्या, “आत्या, काय तेज आलंय हो तोंडावर!” आत्या लाजायची. भूकही सडकून लागायची.

वर्षभराने आत्याने चाळणीच्या मुलीसाठी झगा शिवला आणि तिला घालून बघायला घरी आली. बाह्या वर सारल्या होत्या. चाळणीला दिसलं की आत्याचे हात काटक्यांसारखे झालेत आणि दोन्ही हातांवर निळे-जांभळे डाग आहेत.

“हे काय लागलंय?”

“काही नाही गं. टेबलाला हात घासला तरी उठतात हल्ली. वय झालं.”

चाळणीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हातांकडे. मग पुन्हा चेहऱ्याकडे. ते तेज नव्हतं. शरीरात स्टेरॉइड साठून चेहरा असा चंद्रासारखा गोल होतो, हे तिने पुस्तकात पंचवीस वर्षांपूर्वी वाचलं होतं, चित्रासकट. आणि पहिल्या कॅप्सूलला त्याच संध्याकाळी गुण आला होता. झाडपाला एवढ्या घाईत नसतो.

“आत्या, मला एक डबी देशील? तपासायला.”

तिला वाटलं आत्या चिडेल. आत्या तर हरखली. “एक कशाला, दोन घे! तुमच्या लॅबचा शिक्का मिळाला ना, तर पलीकडच्या गल्लीतल्या त्या शंकेखोर मास्तरीणबाईसुद्धा घेतील.”

*

डबी रीतसर नोंदली गेली: ग्राहकाकडून आलेला नमुना, प्रकार आहारपूरक. आहारपूरक म्हणजे खाद्य, म्हणजे खाद्य विभाग, म्हणजे चाळणीचं टेबल. खाद्य विभागाच्या अर्जावर रकाने ठरलेले होते: ओलावा, राख, वाळू, किडे, बुरशी, जड धातू. तिने सगळे तपासले. ओलावा योग्य. वाळू नाही. किडे नाहीत. असला स्वच्छ नमुना त्या महिन्यात दुसरा आला नव्हता. नियमाप्रमाणे तो पास झाला होता.

ती अर्ज घेऊन साहेबांकडे गेली. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त रिकामे रकाने आवडत नसत आणि नवे रकाने त्याहून आवडत नसत.

“साहेब, यात औषध आहे का ते बघायचंय.”

“औषध? हे खाद्य आहे ना?”

“हो.”

“मग खाद्यात औषध कसं असेल?”

“नसावं. म्हणूनच बघायचंय.”

“पण अर्जावर रकाना कुठे आहे? शोधून काढलंत तर लिहिणार कुठे?”

चाळणीने टेबलावरची पट्टी घेतली आणि अर्जाच्या तळाशी पेनने एक रकाना आखला. वर लिहिलं, ‘इतर’. साहेब त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. रेघ सरळ होती. शेवटी म्हणाले, “मी हे बघितलेलं नाही.” आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

मग ती नेहमीचा वळसा घालून माझ्याकडे आली. “मला तुमच्याकडचे शुद्ध नमुने दे. सांधेदुखीवरचे जेवढे असतील तेवढे. आणि स्टेरॉइडं.”

तपासणीचा पहिला भाग साधा असतो. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेला असतो. तळाशी रेघेवर थेंब ठेवायचे: एक कॅप्सूलच्या अर्काचा, शेजारी ओळखीच्या औषधांचे. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक हळूहळू वर चढतो आणि थेंबातले पदार्थ बरोबर घेऊन जातो. प्रत्येकाची दमण्याची जागा वेगळी. ज्याची जी उंची, तिथे तो थांबतो. पट्टी वाळवून अतिनील दिव्याखाली धरली, की हिरवट उजेडात काळे ठिपके दिसतात.

आम्ही दोघं दिव्यावर वाकलो. कॅप्सूलच्या रांगेत दोन ठिपके, काजळाची टिकली लावावी तसे. एक डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या शेजारी, बरोबर त्याच उंचीवर. दुसरा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या शेजारी.

“एवढ्यावर लिहू नकोस,” मी म्हटलं. “मोठ्या यंत्रावर घालू.”

मोठं यंत्र रेणूचं वजन सांगतं. पहिल्याचं उत्तर लगेच आलं. दुसऱ्याने तीन दिवस घेतले, कारण डेक्सामेथासोनला एक जुळा भाऊ आहे, वजन अगदी तेच, चेहरा जवळजवळ तोच. मी म्हणत होतो, काय फरक पडतो, दोघेही स्टेरॉइडच. चाळणी ऐकेना. “दुसऱ्याच्या नावावर गुन्हा नको.” तिने यंत्राच्या नळीतून द्रव जायचा वेग कमी केला, तेव्हा कुठे भाऊ वेगळे झाले, आणि आपला तो डेक्सामेथासोनच निघाला. बाकी कॅप्सूलमध्ये होता तो बहुतेक कोंडा. बारा वनस्पतींपैकी सूक्ष्मदर्शकाखाली एकीची पानं सापडली. साधा पालक होता. चित्रांमध्ये तो नव्हता.

तिने ‘इतर’ या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. सही केली. मग माझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “आता तिला कसं सांगू?”

*

सांगितलं ते तिसऱ्या मजल्यावर, मशीनसमोर बसून. हे मला दोघींकडूनही ऐकायला मिळालंय, आणि दोघींचं सांगणं जुळतं, फक्त कोण जास्त ओरडलं यावर मतभेद आहेत.

“यात औषध आहे, आत्या. दोन. एक दुखणं मारणारं आणि एक स्टेरॉइड.”

“म्हणजे गुण येतो तो खराच आहे.”

“खरा आहे, पण...”

“मग झालं तर!”

“आत्या, तुझा चेहरा सुजलाय तो त्याने. डाग त्याने. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. डबीवर लिहिलेलं नाही. तुला न सांगता वर्षभर देत होते.”

शेवटच्या वाक्यावर आत्याने कोपऱ्यातल्या हरणाच्या पिशवीकडे बघितलं. मग हळू म्हणाली, “आणि मी चौतीस जणांना दिलं. झाडपाला म्हणून.”

“तुला कुठे माहीत होतं?”

“कापड सुती म्हणून सांगायचं आणि भलतंच शिवायचं, असं मी कधी केलं नाही.” तिने डबी उचलली. “आजपासून बंद.”

“नाही! एकदम बंद करायचं नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तोवर घेत राहा.”

आत्याने भाचीकडे असं बघितलं, जणू हिला शिकवण्यात पैसे वाया गेले. “विष आहे म्हणतेस आणि घेत राहा म्हणतेस?”

चाळणीने समजावलं. आपलं शरीर स्वतःचं स्टेरॉइड रोज थोडं थोडं करत असतं. बाहेरून आयतं मिळू लागलं की ते आपला कारखाना बंद करतं. मग बाहेरचं एकदम थांबलं तर कारखाना लगेच सुरू होत नाही आणि माणूस कोसळतो. आत्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गावाला गेलेले निघाले, चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. भाची ऑफिसला गेली आणि आत्याने डबी कचऱ्यात रिकामी केली. रोज विचारलं की सांगायची, “घेतली.” आयुष्यात खोटं बोलायची सवय नसल्यामुळे कुणालाही शंका आली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिची टोपली खाली आली नाही. दूधवाल्याने हाका मारल्या. चाळणीचा नवरा वर धावला. आत्या मशीनशेजारी जमिनीवर, उलट्या झालेल्या, अंग गार, उठायचं बळ नाही.

रुग्णालयात रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “कोणती औषधं चालू आहेत यांना?”

आत्याने डोळे न उघडता अभिमानाने उत्तर दिलं, “मी औषधं घेत नाही.”

तेवढ्यात चाळणी प्रयोगशाळेतून थेट पोहोचली. तिने पर्समधून घडी घातलेला अहवाल काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. “एरवी हे कळायला आम्हाला आठवडा लागतो,” ते म्हणाले, “आणि कधी कधी तेवढा वेळ नसतो.” त्यांनी लगेच सलाइनमधून स्टेरॉइड सुरू केलं. दुसऱ्या दिवशी आत्या उठून बसली. मग गोळ्या लिहून मिळाल्या, दर काही आठवड्यांनी थोड्या थोड्या कमी करायच्या. जे आजवर चोरून पोटात जात होतं, तेच आता चिठ्ठीवर, तारखेसकट.

“म्हणजे तुझंच खरं होतं,” आत्या म्हणाली. ही तिची माफी. याहून लांब माफी तिने कधी कुणाची मागितली नाही.

*

रुग्णालयातूनच आत्याने हुकूम सोडला: अहवालाची प्रत इमारतीच्या सूचनाफलकावर लावा. लोकांना कळू दे. चाळणीच्या नवऱ्याने ती लावली. कार्यालयातून कंपनीला नोटीसही गेली.

लोकांना कळलं. म्हणजे जे कळायचं नव्हतं ते कळलं. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून अहवाल मोठ्याने वाचला आणि जमलेल्यांना सांगितलं, “बघा, मी म्हणत नव्हतो? नुसता पाला नाही. आत खरं औषध आहे. सरकारी प्रयोगशाळेने शोधून काढलंय, शिक्का आहे!” आठवडाभरात ‘हरिणपाऊल’ एवढं खपलं की मिळेनासं झालं. पलीकडच्या गल्लीतल्या शंकेखोर मास्तरीणबाईंनी तीन डब्या घेतल्या.

इतक्यात कंपनीने घाबरून माल बदलला. हरीण तेच, चित्रं तीच, आत आता फक्त कोंडा आणि पालक. कायद्याच्या दृष्टीने त्या डबीसारखी निर्मळ वस्तू शोधून सापडली नसती.

दीड महिन्याने आमच्या प्रयोगशाळेत एक तक्रार आली. खाली अठरा सह्या, पहिली पोस्टमास्तरांची. ‘सदर उत्पादनात पूर्वी असलेले औषध काढून टाकण्यात आले असून ग्राहकांची घोर फसवणूक झाली आहे. तरी तपासणी व्हावी.’ सोबत डबी.

चाळणीने ती तपासली, अगदी पहिल्यासारखीच, पट्टी, दिवा, मोठं यंत्र. काही नव्हतं. तिने साहेबांना विचारलं, “तक्रार खरी आहे, साहेब. औषध नाहीये. काय लिहू, पास की नापास?”

साहेबांनी कपाळ चोळलं. “डबीवर औषध आहे असं लिहिलंय का?”

“नाही.”

“मग पास.”

आणि कंपनीने पुढच्या खोक्यांवर छापलं: ‘सरकारी प्रयोगशाळेत तपासलेले’. ते खोटं नव्हतं. आम्हाला काही करता आलं नाही.

पण ती अठरा माणसं एकदम कोंड्यावर आली होती, हे सगळ्यात आधी आत्याच्या लक्षात आलं. ती तेव्हा नुकतीच घरात हिंडू-फिरू लागली होती. चाळणी तिला तक्रारीची गंमत सांगत होती, आणि आत्या हसायचं सोडून ताठ बसली. “अगं, म्हणजे ते सगळे माझ्यासारखे पडणार!”

दुसऱ्या दिवसापासून ती निघाली. हरणाची पिशवी घरी ठेवून, साधी काठी घेऊन. गुडघे पूर्वीसारखेच दुखत होते, खरं तर जास्तच. चौतीस घरं, बहुतेकांना जिने. ती प्रत्येक जिना चढली. चाळणी रजा काढून बरोबर जात होती. दार उघडलं की आत्या आधी बसायला खुर्ची मागायची, मग म्हणायची, “मी तुम्हाला पाला म्हणून औषध विकलं. थकवा येतो का? उलटी? उठताना डोळ्यांपुढे अंधारी? चला माझ्याबरोबर डॉक्टरकडे.”

काहींनी दार लावून घेतलं. दोघांनी विचारलं, जुना माल शिल्लक आहे का. मास्तरीणबाई म्हणाल्या, “तुमची भाचीच सगळ्याचं मूळ.” तरी एकवीस जण आले. त्यातल्या पाच जणांच्या रक्तात कारखाना बंद पडल्याचं दिसलं, त्यांना आत्यासारख्याच उतरत्या गोळ्या सुरू झाल्या. पाचांपैकी एक पोस्टमास्तर. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, आणखी आठवडा काढला असता तर अवघड होतं. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “पण गुण यायचा हो.”

“यायचा,” आत्या म्हणाली. “मलाही यायचा.”

आत्याच्या गोळ्या पूर्ण सुटायला चौदा महिने लागले. चेहरा उतरला, डाग गेले. बायका म्हणायला लागल्या, “आत्या, किती वाळलात हो!” हाडं तपासून झाल्यावर तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. चाळणीने महिनाभराची रजा काढली, ती सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच एवढी लांब, आणि साहेबांनी विचारलं की कारणाच्या रकान्यात काय लिहू. ती म्हणाली, “आई.”

आता आत्या उजव्या पायाने नीट चालते आणि डाव्याने कुरकुरते. डॉक्टर म्हणतात, दुसराही बदलू. भाची म्हणते, नवरा म्हणतो, मीही एकदा सांगून बघितलं. आत्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवते, जणू तो ऐकतोय, आणि म्हणते, “एक राहू दे जुना. पाऊस येणार असला की सांगायला घरात कुणीतरी हवं.”